जुनी काळी सायकल भंगारात देऊ नका. घरच्या घरी अशी करा पुन्हा चालू

गोठ्याच्या आढ्याला टांगलेली, कडब्याच्या गंजीमागे टेकवलेली किंवा माळवदावर आडवी टाकलेली एक काळी सायकल आजही पुष्कळ घरांत सापडते. आजोबांची नाहीतर वडिलांची. कोणाला लग्नात घड्याळ-रेडिओबरोबर मिळालेली, कोणी दुधाचे कॅन तालुक्याला न्यायला घेतलेली. टायर चिरलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ, आणि सीटवर कोंबड्या बसतात. भंगारवाला दारात आला की तिचं वजन होतं आणि ती किलोच्या भावाने जाते.

यातल्या बऱ्याच सायकलींचं दुखणं मात्र किरकोळ असतं. फ्रेम जाड पोलादी नळ्यांची. ती सहसा मरत नाही. मरतात ते छर्रे, कोन, चेन, टायर आणि ब्रेकचे रबर. हे सगळं सुटं मिळतं, कारण दांडीच्या ब्रेकची २८ इंची काळी सायकल लुधियानाचे कारखाने आजही बनवतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलीला आजचं टायर आणि आजची चेन बसते. असं दुसरं कोणतं वाहन आहे?

अडचण झाली आहे ती माणसांची. हे काम येणारे मिस्त्री थकले आणि त्यांच्या पोरांनी मोटरसायकलचं गॅरेज टाकलं. पूर्वी प्रत्येक बाजारगावात सायकल दुकानावर 'ओव्हरऑइलिंग करून मिळेल' अशी पाटी असायची. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, म्हणजे सगळी सायकल खोलून साफ करून पुन्हा जोडणे. आपल्या लोकांनी त्या शब्दालाच तेल लावलं, आणि तेही चुकीचं नाही, कारण निम्मं काम तेल-ग्रीसचंच आहे. हे काम घरी होऊ शकतं. घाई न करता दोन-तीन रविवार द्यावे लागतात.

सायकल कोणती आहे ते आधी ओळखा

हँडलच्या खाली, फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीवर पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला असतो. तो गेला असेल तर पायडलजवळचं मोठं दातेरी चक्र पाहा. त्याच्या नक्षीत बगळ्यांची डोकी कोरलेली असतील तर ती रॅले. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चिन्ह असेल तर बीएसए. उघडा पंजा असेल तर रज. हंबर ओळखणं सगळ्यात सोपं: तिच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी एकेक नळीऐवजी दोन-दोन बारीक नळ्या असतात. ज्या घरी हंबर होती त्या घराचा गावात वेगळा मान होता.

देशी सायकलींत अ‍ॅटलास १९५१ साली हरियाणातल्या सोनीपतला सुरू झाली. हिरो १९५६ साली लुधियानाला. हर्क्युलस, फिलिप्स आणि देशी बीएसए मद्रासच्या टीआय कंपनीच्या; ही कंपनी १९४९ ची. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता आणि मुंबईत वरळीला हिंद सायकलचा. यातलं बरंच आता बंद आहे. अ‍ॅटलासने साहिबाबादचा आपला शेवटचा मोठा कारखाना थांबवला तो दिवस होता ३ जून २०२०. नेमका जागतिक सायकल दिन.

ही ओळख नुसत्या हौसेची नाही, सुटे भाग आणताना तिचा उपयोग होतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बनलेल्या रॅले गटाच्या सायकलींना पायडलच्या आसाच्या वाट्यांना आणि हँडलच्या वाट्यांना एका इंचात २६ आटे असतात. बाकी बहुतेक सायकलींना २४. दुकानातली २४ आट्यांची नवी वाटी अशा सायकलीत ठोकून बसवली तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. म्हणून जुनी वाटी खराब दिसली तरी फेकू नये. ती खिशात घालून दुकानात न्यावी आणि जुळवूनच नवी घ्यावी.

आणखी एक गोष्ट. शहरातून हौशी लोक आणि दलाल जुन्या सायकली शोधत गावोगाव येतात. सायकल नको म्हणतात. बिल्ला, जुना दिवा, चामड्याची सीट किंवा डायनॅमो तेवढा मागतात. हे भाग वेगळे काढून दिले की उरलेल्या सायकलीची किंमत खरोखरच भंगाराची होते. विकायची असेल तर अख्खी विकावी, आणि आधी दोन-चार ठिकाणी भाव विचारावा. जुन्या सायकलींचं मोल काय असतं ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. पुण्याला कामानिमित्त गेलात तर बघून या.

आधी फ्रेम तपासा, मग खर्च करा

सायकल धुऊन, पुसून उन्हात उभी करा. पुढच्या उभ्या नळीला आडवी आणि तिरकी नळी जिथे जोडली आहे त्या सांध्यांवर बोट फिरवा. रंगाला आडवी रेघ पडली आहे आणि रेघेतून तांबूस गंज झिरपतो आहे, असं दिसलं तर ती चीर असण्याची दाट शक्यता आहे. चिमटा बाजूने पाहा. तो वरून सरळ येऊन खाली पुढे वळलेला हवा. मागे दबलेला दिसला तर सायकल कधीतरी जोरात धडकली आहे. चिरलेला चिमटा वेल्डिंग करून वापरू नये, बदलावा. उतारावर चिमटा तुटला तर माणूस सरळ तोंडावर पडतो. इथे पैसे वाचवू नका.

सीटची नळी आणि हँडलचा दांडा वर-खाली होतो का ते पाहा. गंजून धरला असेल तर भोवती डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून दोन दिवस ठेवा. रोज थोडं सोडा. नंतर पिळून काढा, ठोकून नव्हे. हँडल काढताना वरचा बोल्ट चार-पाच आटे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एकच टोला द्या. आतली पाचर सुटते आणि हँडल मोकळं होतं. बोल्ट पूर्ण काढून हँडलशी झटापट करणारे पुष्कळ आहेत. त्याने काही होत नाही.

खोलण्याआधी मोबाईल काढा

प्रत्येक भाग खोलण्याआधी त्याचा जवळून फोटो घ्या. जुन्या मिस्त्रीच्या डोक्यात जे असायचं ते आपल्याकडे फोनमध्ये असू द्या. ब्रेकच्या दांड्या कुठून कुठे जातात, वॉशर नटाच्या आत होता की बाहेर, हे चार दिवसांनी कोणालाच आठवत नाही. प्रत्येक भागासाठी वेगळी वाटी किंवा डबा ठेवा. पुढच्या चाकाचं सामान मागच्यात मिसळू देऊ नका.

हत्यारं फार लागत नाहीत. पाने, पक्कड, मध्यम हातोडी, पेचकस, कानस, कोनसाठीचा पातळ पाना आणि आरे आवळायची चावी. धुण्यासाठी डिझेल. पेट्रोल वापरू नये आणि चुलीजवळ तर अजिबात बसू नये.

उलटे आटे कुठे आहेत हे मात्र आधी पाठ करा, कारण जास्तीत जास्त सायकली इथेच बिघडतात. डाव्या पायडलला उलटे आटे असतात. लक्षात ठेवायची युक्ती अशी की पाना पायडलवर उभा लावा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही पायडलं अशीच सुटतात. पायडलच्या आसाची उजवीकडची, चेनच्या बाजूची वाटीही उलट्या आट्यांची असते. डावीकडची साधी. उजवी वाटी चांगली असेल तर ती काढूच नका, आत बोट घालून चिंधीने पुसून घ्या.

कॉटर: सगळ्यात जास्त वाया जाणारा भाग

क्रँक म्हणजे पायडलचे दांडे. ते आसावर कॉटर पिनने धरलेले असतात. कॉटर ही एका बाजूने तासलेली गोल पाचर. ती काढताना लोक नट काढून टाकतात आणि उघड्या आट्यांवर हातोडी मारतात. आटे चपटे होतात, कॉटर वाकते, आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक टोला थेट आतल्या छर्ऱ्यांवर जातो. छर्रे वाटीत खड्डे पाडतात.

बरोबर पद्धत अशी. आदल्या रात्री कॉटरच्या दोन्ही तोंडांना तेल सोडा. नट इतकाच सैल करा की त्याचा माथा आणि कॉटरचं टोक एका पातळीत येईल. आता क्रँकच्या खाली, कॉटरचं जाड डोकं जिथे आहे तिथे, जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून उभा लावा, म्हणजे कॉटरचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरू शकेल आणि क्रँक पाइपच्या काठावर टेकेल. पाइप थोडा लांब घेऊन हळूहळू कापत सायकलच्या उंचीला जुळवा. मग नटावर एकच सरळ, जोरदार टोला. हळूहळू दहा टोले मारण्यापेक्षा एक खणखणीत टोला चांगला. पाइपामुळे टोल्याचा मार जमिनीत जातो, छर्ऱ्यांत नाही.

नवी कॉटर घेताना जुनी बरोबर न्या. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. साडेनऊच्या जागी नऊची बसवली तर क्रँक डुगडुगतो. बसवताना दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याला लंगडत चालल्यासारखं वाटतं. नटाने ओढून कॉटर बसवू नका. आधी ठोकून बसवा, मग नट आवळा. नटाचं काम कॉटर धरून ठेवायचं आहे, ओढायचं नाही.

छर्रे, कोन आणि वाट्या: खरं काम इथे

चमकणारा रंग आणि नवी सीट घातलेली, पण कोरड्या छर्ऱ्यांवर फिरणारी सायकल सहा महिन्यांत पुन्हा भिंतीला लागते. गंजकी दिसणारी पण ग्रीस भरलेली सायकल वर्षानुवर्षे चालते. म्हणून खर्चाचा पहिला रुपया इथे घाला.

सायकलीत छर्रे पाच ठिकाणी असतात: पुढचं चाक, मागचं चाक, पायडलचा आस म्हणजे बीबी, हँडलच्या वर-खालच्या वाट्या आणि दोन्ही पायडलं. शिवाय फ्रीव्हीलमध्ये बारीक छर्रे असतात, पण ते घरी उघडू नये. एकदा सांडले की गोळा होत नाहीत.

खोलताना खाली पांढरं धोतर किंवा जुनी चादर अंथरा. छर्रे मोजून डब्यात टाका. या सायकलींत साधारणपणे पुढच्या चाकाला एका बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागच्या चाकाला पाव इंचाचे ९ आणि बीबीला एका बाजूला पाव इंचाचे ११ छर्रे असतात. पूर्वीच्या कोणी कमी-जास्त भरले असतील तर डोळ्याने अंदाज घ्या. वाटी गोल भरून साधारण एका छर्ऱ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. गच्च भरले तर छर्रे एकमेकांवर घासतात, फार कमी भरले तर भार थोड्याच छर्ऱ्यांवर येतो.

जुने छर्रे पुन्हा घालायचेच नाहीत. ते स्वस्त आहेत, आणि झिजलेला एक छर्राही नव्या कोनला खातो. कोन डिझेलने धुऊन उजेडात फिरवून पाहा. छर्रे जिथे फिरतात तिथे एक चकचकीत रेघ दिसते. रेघ गुळगुळीत असेल तर कोन चांगला. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले, नख अडखळलं, तर कोन बदला. वाटीचंही तसंच. चाकाच्या कोनला खड्डे पडलेले असतात तेव्हा वाटी पुष्कळदा चांगली निघते, त्यामुळे नुसते कोन बदलून भागतं.

वाटीत ग्रीस भरा, त्यात छर्रे चिकटवा, वरून पुन्हा ग्रीस, मग आस घाला. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं ग्रीस चालतं. डबा घरात असतोच, पण त्यात माती पडलेली नसावी. बोटाने चोळून पाहा. खर लागली तर ते ग्रीस सायकलीला घालू नका.

आवळणं हे हाताच्या सवयीचं काम आहे. कोन आवळत जा, आस बोटांनी फिरवत जा. अडखळायला लागला की पाव फेरा मागे या. मग कोन पातळ पान्याने धरून वरचा नट आवळा. नट आवळताना कोन पुन्हा थोडा आत जातो, म्हणून दोन-तीनदा करावं लागतं. जुनी मिस्त्रीकीची परीक्षा अशी: पुढचं चाक उचलून धरा आणि सोडा. हवा भरायच्या नळीचं वजन चाकाला हळूहळू फिरवून स्वतःहून खाली आणतं. एवढ्या वजनाने चाक फिरलं आणि रिंग धरून बाजूला हलवली तर खडखड झाली नाही, म्हणजे आवळणी बरोबर.

जुन्या हबच्या मधोमध पत्र्याची छोटी सरकती पट्टी असते. तिच्याखाली तेलाचं भोक आहे. बीबीच्या डब्यावरही कधी कधी झाकणाचं भोक असतं. त्यात महिन्या-दोन महिन्यांनी चार थेंब तेल सोडायचं असतं. कित्येकांना हे भोक ठाऊकच नसतं, वर रंग मारून बुजवून टाकतात. हबवर 'स्टर्मी आर्चर' असं नाव आणि बाजूला दोन आकडे कोरलेले दिसले तर ते आकडे हब बनल्याच्या वर्षाचे असतात. ५८ म्हणजे १९५८. सायकलीचं वय काढायला एवढा पुरावा पुरतो, अर्थात हब मूळचा असेल तर.

चाक आणि टायर

जुन्या पद्धतीच्या चाकात पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. ओझं मागे असतं म्हणून मागे जास्त. चाकाचा आऊट काढण्याआधी प्रत्येक आऱ्याच्या निपलवर तेल सोडून रात्रभर ठेवा, नाहीतर चावी फिरवली की आरा पिळून तुटतो. सायकल उलटी करून चाक फिरवा, चिमट्याजवळ खडू धरा. रिंग जिथे खडूला लागते तिथल्या विरुद्ध बाजूचे आरे पाव पाव फेरा आवळा, लागणाऱ्या बाजूचे तेवढेच सैल करा. एकाच आऱ्याला दोन-तीन फेरे दिले की आऊट दुसरीकडे निघतो.

टायर मागताना नुसतं 'अठ्ठावीसचं द्या' म्हणू नका. आजकालच्या काही फॅन्सी सायकलींच्या टायरवरही २८ लिहिलेलं असतं, पण ती रिंग ६२२ मिलिमीटरची. आपल्या काळ्या सायकलीचं टायर २८ × १½, म्हणजे ६३५ मिलिमीटरचं. हा आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो. लहान टायर मोठ्या रिंगवर चढवायला गेलात तर पाने वाकतील, टायर चढणार नाही. जुन्या ट्यूबच्या वॉलमध्ये बारीक रबरी नळी असते. हवा राहत नसेल तर पंक्चर शोधण्याआधी तीच बदला. बोटाला थुंकी लावून वॉलच्या तोंडावर धरली की बुडबुडा आला की नाही ते कळतं.

दांडीचा ब्रेक: पोरांच्या हाती देण्याआधी

या सायकलींचे ब्रेक केबलचे नसतात, लोखंडी दांड्यांचे असतात, आणि रबर रिंगच्या बाजूला नाही तर आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूने लागतं. चांगला लावलेला दांडीचा ब्रेक वर्षानुवर्षे काही मागत नाही. निष्काळजीपणे लावलेला ब्रेक मात्र जीवघेणा ठरतो.

रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतं ती खोबण एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडी असते. चाक पुढे जाताना रिंग ज्या दिशेला सरकते त्या दिशेला बंद तोंड आलं पाहिजे. उलटं बसवलं तर जोरात ब्रेक मारताक्षणी रबर खोबणीतून सटकून जातं, आणि नंतर ब्रेक उरतच नाही. ही चूक दुकानातूनही होते. प्रत्येक सायकलीला खाली वाकून चारही रबरं स्वतः पाहा.

रबर आणि रिंगमध्ये साधारण तीन मिलिमीटर जागा ठेवा. दांड्या जोडणारे छोटे बोल्ट एकेक करून आवळा. सैल पडलेली पट्टी आऱ्यांत गेली तर चाक जागेवर थांबतं. दांडी वाकली असेल तर लाकडावर ठेवून सरळ करा. फिरणाऱ्या सांध्यांना एकेक थेंब तेल द्या, पण रिंगला तेलाचा हात लागू देऊ नका. लागलाच तर साबणाने धुवा.

पावसात हा ब्रेक कमी धरतो. लोखंडी रिंग ओली झाली की रबर घसरतं आणि सायकल थांबायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर घेते. ओल्या रस्त्यावर उताराआधीच ब्रेक हलका धरून ठेवावा, म्हणजे रिंगवरचं पाणी पुसलं जातं. हाफ पायडल मारत दांडीखालून सायकल शिकणाऱ्या पोरांचे हात ब्रेकपर्यंत नीट पोचतात का तेही पाहून घ्या. २४ इंची फ्रेमला पुष्कळदा पोचत नाहीत.

गंज आणि रंग

घरात सहज मिळणारं औषध म्हणजे चिंच आणि लिंबूसत्व. नट, बोल्ट, दांड्या असे सुटे भाग एका लिटर पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम लिंबूसत्व घालून प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर बुडवा. सकाळी ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, उन्हात वाळवा आणि लगेच तेल पुसा. तेल लावायला उशीर केला तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस थर येतो. सीटच्या स्प्रिंगा, छर्रे आणि कोन मात्र आम्लात टाकू नयेत. कडक पोलाद आम्लाने ठिसूळ होतं. साखर कारखान्याच्या मळीतही गंज सुटतो, पण मळी उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याखाली येते. त्या भानगडीत पडण्याची गरज नाही.

हँडल, रिंग, घंटी यांच्यावर निकेल किंवा क्रोमचा मुलामा असतो. त्याला तारेचा ब्रश लावू नका, ओरखडे कायमचे राहतात. पोळी-भाजी गुंडाळायचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून घासा. कागद काळा पडतो आणि गंज निघतो.

रंगाबद्दल एवढंच: शक्यतो मारू नका. मूळ काळा रंग भट्टीतला असतो आणि त्यावरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असतात. साबणाने धुऊन, शिवणयंत्राच्या तेलाची चिंधी फिरवली की त्या रेघा वर येतात. एकदा स्प्रेखाली गेल्या की गेल्या. रंग अगदीच उडाला असेल तर पत्र्यापर्यंत घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन मग काळा मारा. आटे, वाट्या आणि बिल्ला चिकटपट्टीने झाका.

चामड्याची जुनी सीट खाद्यतेलात भिजवू नका. मऊ पडून ती झोळीसारखी लोंबते. कोरडी पुसा, मेणाचा पातळ हात द्या आणि पुढच्या नाकाखालचा नट अर्धा फेरा आवळा, त्याहून जास्त नाही.

चेन

पोराच्या दप्तरातली फूटपट्टी घ्या. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. १२ इंच आणि वर एक सूत भरल्या तर चेन गेली. ती तशीच चालवली तर नव्या फ्रीव्हीलचे दात खाते. चेन बसवताना जोडाच्या क्लिपचं बंद तोंड चेन पुढे जाते त्या दिशेला ठेवा. मधोमध बोटाने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच खेळली पाहिजे. फ्रीव्हीलमध्ये पातळ तेल सोडा, ग्रीस नको. ग्रीसने आतले खटके चिकटतात आणि पायडल मोकळं फिरतं.

निगा

वर्षातून दोनदा हात लावला तरी पुरतं. पावसाळ्याआधी ग्रीस आणि ब्रेकचे रबर, दिवाळीनंतर पाणी काढणं. सीटच्या नळीतून पाणी आत उतरतं आणि बीबीच्या डब्यात साचतं. सीट काढून सायकल उलटी करून ठेवली की ते बाहेर येतं. फवारणीच्या पंपाने किंवा सर्व्हिसिंगच्या प्रेशरने हबवर पाणी मारू नका, ते ग्रीस धुऊन नेतं. सायकल बरेच दिवस वापरात नसेल तर टांगून ठेवा. जमिनीवर उभी राहिली तर हवा उतरून टायर एकाच घडीवर चिरतं. गोठ्यात ठेवू नका, जनावरांच्या मुताने लोखंड लवकर खातं.

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. दहावी-बारावीनंतर त्यातल्या कित्येक अंगणात तशाच उभ्या आहेत. त्यांना वरचं सगळं लागू आहे, ब्रेक तेवढे वेगळे. धाकट्या बहिणीसाठी नवी घेण्याआधी ती एकदा खोलून पाहा.

सगळं जोडून झालं की पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. गावातल्या गावात, शेतापर्यंत अशी दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि मग सायकल उलटी करून कॉटरचे दोन्ही नट, चाकांचे चारही नट आणि ब्रेकच्या दांड्यांचे बोल्ट पुन्हा आवळा. नवी कॉटर पहिल्याच फेरीत थोडी आत बसते, त्यामुळे तिचा नट हमखास अर्धा फेरा फिरतो. तेव्हा आवळला नाही तर क्रँक टकटक करायला लागतो, आणि आठवड्याभरात नवी कॉटर झिजून जाते.